बील आणि बिलाचे पैसे : इंग्रजी शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ स्वर ओळखण्याची रीत

'लाइट बील भरलंस का?' आणि 'बिलाचे पैसे दे' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या वाक्यात 'बी' लांबते, दुसऱ्यात आखडते. शब्द तोच, इंग्रजीतून आलेला, आणि इंग्रजीत तो कुठेही गेला तरी ऱ्हस्वच राहतो. आता उलटं उदाहरण. 'सीट' इंग्रजीत कायम दीर्घ. पण निकालाच्या दिवशी आपण 'किती सिटा आल्या?' असं विचारतो आणि कुणाला काही खटकत नाही.

खटकत नाही, कारण आपण मराठीचा नियम पाळत असतो. शब्द व्यंजनावर संपत असेल तर त्याआधीचा इकार-उकार मराठीत लांबतो: वीट, जीभ, फूल, मूल. पुढे काही जोडलं की तोच आखडतो: विटा, जिभेला, फुलं, मुलाला. म्हणजे मराठीत लांबी ठरते ती शब्दातल्या जागेवरून. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, या जोड्या शुद्धलेखनाच्या तासाला पाठ कराव्या लागतात त्याचं कारणही हेच आहे. बोलताना बहुतेक जण दोन्ही सारखेच म्हणतात, मग कानाला फरक कळणार कुठून? इंग्रजीत 'टिकिट' या शब्दातल्या दोन्ही इ ऱ्हस्व. मराठीत येऊन त्याचं तिकीट झालं आणि 'तिकिटाचे' म्हणताना ते पुन्हा आखडलं.

इंग्रजीत मात्र लांबी शब्दागणिक पक्की असते आणि अर्थ तिच्यावर लटकलेला असतो. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. कागदाचा शीट आखडला की शिवी होते, समुद्रकिनाऱ्याच्या बीचचंही तसंच. त्यामुळे मराठी माणसाने नवे नियम घोकण्याआधी स्वतःची ही जुनी सवय पकडणं जास्त उपयोगाचं.

'दीर्घ' म्हणजे नेमकं काय

मुलांच्या फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणाऱ्या पुस्तकात 'लाँग' आणि 'शॉर्ट' असे शब्द येतात आणि उच्चाराच्या पुस्तकातही येतात, पण दोन्हीकडे अर्थ वेगळा. घरोघरी गोंधळ होतो तो इथे.

फोनिक्समध्ये अक्षराने स्वतःचं नाव उच्चारलं की ते 'लाँग'. केक या शब्दात ए अक्षर 'ए' म्हणतं, काइट या शब्दात आय अक्षर 'आय' म्हणतं, म्हणून ते लाँग. कॅट आणि किट या शब्दांत ती अक्षरं आपलं नाव सांगत नाहीत, म्हणून ते शॉर्ट. इथे किती वेळ आवाज काढला याचा फारसा संबंध नाही. कॅ आणि के हे दोन निराळे आवाज आहेत, एकाच आवाजाची लहान-मोठी मापं नव्हेत.

उच्चाराच्या पुस्तकात दीर्घ म्हणजे खरोखर लांबणारा स्वर. ब्रिटिश इंग्रजीच्या रूढ मांडणीत एकूण २० स्वर मोजतात: ७ ऱ्हस्व, ५ दीर्घ आणि ८ जोडस्वर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारे. लिहायला मात्र अक्षरं पाचच, फार तर वाय धरून सहा. एवढ्या थोड्या भांड्यांत इतका स्वयंपाक करायचा म्हटल्यावर स्पेलिंगची ओढाताण होणारच.

यातून दोन वेगळी कामं निघतात. एक डोळ्याचं: लिहिलेला शब्द पाहून त्यातलं अक्षर लाँग वाचायचं की शॉर्ट हे ओळखणं. दुसरं कानाचं: बोललेल्या शब्दात शिप आहे की शीप हे ऐकणं आणि तसं म्हणणं. कॅप-केप, नॉट-नोट, किट-काइट, टब-ट्यूब या जोड्या मराठी कानाला सोप्या आहेत, अडतं ते वाचताना. शिप-शीप, फुल-फूल या जोड्या वाचायला सोप्या, अडतं ते कानाला. एक जोडी दोन्हीकडे छळते, तिच्याकडे पुढे येऊच.

वहीत लिहिताना एक पथ्य पाळा. 'ए' हे इंग्रजी अक्षराचं नाव आहे आणि मराठी आवाजही, 'ई'चंही तसंच. म्हणून अक्षर सांगायचं तिथे 'ई अक्षर' असं पूर्ण लिहा, आवाज सांगायचा तिथे नुसतं ई. खालीही तसंच केलं आहे.

पहिली पायरी: कान तपासा

शिकण्याआधी कान कुठे उभा आहे ते पाहा. दहा जोड्या घ्या: शिप-शीप, सिट-सीट, हिट-हीट, चिप-चीप, फिल-फील, स्लिप-स्लीप, पिच-पीच, लिव्ह-लीव्ह, फुल-फूल, पुल-पूल. शेवटच्या दोनांचे अर्थ भरलेला-मूर्ख आणि ओढणे-तलाव. उकाराच्या जोड्या इंग्रजीत मुळातच थोड्या आहेत, म्हणून दोनच.

शब्द वाचून दाखवायला घरातल्या माणसाला बसवू नका. त्याचा कानही मराठीच असतो, आणि फरक दाखवायच्या भरात तो 'शीऽऽऽप' असं ताणतो. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे स्पीकरचं चिन्ह असतं. तिथले २० उच्चार फोनवर रेकॉर्ड करा, मग दुसऱ्या कुणाला ते वाटेल त्या क्रमाने वाजवायला सांगा. फोनचा पडदा तुम्हाला दिसू नये. प्रत्येक शब्द एकदाच ऐका आणि ऱ्हस्व की दीर्घ ते लिहा.

नुसता अंदाज ठोकला तरी २० पैकी १० च्या आसपास बरोबर येतात, तेव्हा ११-१२ गुणांवर खूश होऊ नका. १५ किंवा त्याहून जास्त आले तर कान खरोखर फरक ऐकतो आहे असं धरा. १८ च्या वर आले तर कानाची पायरी सोडून थेट स्पेलिंगकडे गेलात तरी चालेल.

चुका कुठल्या बाजूला पडल्या तेही मोजा. सगळ्या चुका 'ऱ्हस्व असून दीर्घ ऐकलं' अशा असतील तर तो वीट-जीभचा नियम बोलतो आहे. एकट्या छोट्या शब्दात मराठी कान दीर्घाचीच अपेक्षा धरून बसलेला असतो.

दुसरी पायरी: तोंडात काय बदलतं

आता मुख्य गोष्ट. मराठीत इ आणि ई यांचं तोंड जवळपास एकच, फरक वेळेचा. इंग्रजीत शिप आणि शीप यांचं तोंडच वेगळं आहे. म्हणून 'शीप जरा लवकर म्हण, झालं शिप' ही शिकवण फसते. लवकर म्हटलेलं शीप हे इंग्रज कानाला घाईत म्हटलेलं शीपच वाटतं.

इंग्रजी ऱ्हस्व इ सापडण्याची खात्रीची वाट अशी. मराठी ई म्हणायला सुरुवात करा आणि आवाज न तोडता, अगदी सावकाश, ए पर्यंत घसरत या: ई…ए. तीन-चार वेळा करा. मग त्या वाटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर थांबा. आवाज ई नाही, ए पण नाही, जरा ढिला, जरा आळशी. तिथे थांबून 'श' आणि 'प' जोडा. हा शिप. पहिल्यांदा तो 'शेप'कडे झुकल्यासारखा वाटेल आणि कसंसंच होईल. ते कसंसं वाटणं म्हणजे जागा बरोबर सापडल्याची खूण.

पडताळा अंगठ्याने घ्या. हनुवटीच्या खाली, मऊ भागावर अंगठा टेकवा आणि आधी ई म्हणा: आतला स्नायू घट्ट होऊन अंगठ्याला ढकलतो. मग शिपची इ म्हणा: तो ढिला पडतो. आरशात ओठही पाहा. शीप म्हणताना कोपरे हसल्यासारखे मागे जातात, शिप म्हणताना ओठ आपल्या जागी नुसते पडून असतात.

उकाराचंही हेच. ऊ पासून ओ कडे घसरा आणि तिसऱ्या हिश्श्यावर थांबा. पूल म्हणताना ओठ मेणबत्ती विझवल्यासारखे पुढे येतात, पुल म्हणताना ते सैल राहतात. बुक, लुक, कुक, गुड, वुड, फुट, पुश, पुट, वुल हे सगळे सैल ओठांचे. मराठीत आपण मापाचा फूट आणि अडकवायचा हूक दीर्घ लिहितो नि म्हणतो, ते मराठीत बरोबरच आहे. इंग्रजी बोलताना मात्र दोन्ही ऱ्हस्व. लिटर आणि किलोचं नेमकं उलटं: मराठीत ऱ्हस्व रुळले, इंग्रजीत पहिला स्वर दीर्घ.

अ आणि आ यांच्यावर वेळ घालवू नका. कट आणि कार्ट, हट आणि हार्ट यांतला फरक मराठी माणूस न शिकताच करतो, कारण मराठीत अ आणि आ मुळातच दोन वेगळे आवाज आहेत. कॉट आणि कॉऽट, म्हणजे बाज आणि 'पकडलं', यांच्यामागेही लागू नका. निम्मी अमेरिका स्वतःच ते दोन शब्द सारखे म्हणते.

घड्याळ का फसवतं

फक्त वेळ मोजून ऱ्हस्व-दीर्घ ठरवणाऱ्याला इंग्रजी आणखी एका ठिकाणी तोंडघशी पाडते. स्वरानंतर प, ट, क, च, फ, स असं कठोर व्यंजन आलं की आधीचा स्वर बराच आखडतो. ब, ड, ग, ज, व्ह, झ असं मृदू व्यंजन आलं की तो लांबतो. हे ऱ्हस्वालाही होतं आणि दीर्घालाही.

त्यामुळे बीक म्हणजे चोच यातली ई आणि बिग म्हणजे मोठा यातली इ, या दोन्हींना लागणारा वेळ जवळजवळ सारखा निघू शकतो. एक दीर्घ, एक ऱ्हस्व, तरी माप सारखं. मग इंग्रज ओळखतो कशावरून? स्वराच्या रंगावरून, म्हणजे त्या घट्ट-ढिल्या तोंडावरून. ऐकताना स्वतःला 'किती वेळ?' असं विचारण्याऐवजी 'घट्ट की ढिला?' असं विचारा.

या नियमाचा एक फायदाही आहे. सीट आणि सीड म्हणजे बी, बीट आणि बीड म्हणजे मणी, हे शब्द भराभर बोलताना शेवटचं ट-ड नीट ऐकू येत नाही. तिथे आधीचा स्वर आखडला की लांबला यावरून शब्द कळतो. बोलताना सीडची ई मोकळेपणाने लांबवा, सीटची झटकन तोडा. फुकटात उच्चार सुधारतो.

गेट आणि गेऽट

दोन्हीकडे छळणारी जोडी ती हीच. मराठीत ए एकच आहे. त्यामुळे 'मिळवणे' या अर्थाचा गेट आणि दाराचा गेट आपण सारखेच म्हणतो. क्रिकेटची टेस्ट आणि जिभेची टेस्ट सारखीच. घड्याळातला सेल, दुकानातला सेल सारखाच. 'लेट हिम गो' मधला लेट आणि 'ट्रेन लेट आहे' मधला लेट देवनागरीत लिहिले तर डोळ्यालाही फरक दिसत नाही. शिप-शीपचा निदान लिहिताना तरी फरक होतो, इथे लिपीही मदतीला येत नाही. आमच्या मते मराठी माणसाने कानाचं काम या जोडीपासूनच सुरू करावं, कारण रोजच्या बोलण्यात हे शब्द जास्त येतात: पेन आणि दुखण्याचं पेन, वेट म्हणजे ओलं आणि वेट म्हणजे थांबणं, पेपर म्हणजे मिरी आणि पेपर म्हणजे कागद.

वहीत दुसऱ्या जातीच्या शब्दांना एइ असं लिहायची सवय लावा: गेइट, टेइस्ट, सेइल, लेइट, पेइन, वेइट, पेइपर. हनुवटीवर हात ठेवा आणि म्हणा. गेइट म्हणताना जबडा ए ला थोडा उघडून इ कडे मिटत वर येतो, हाताला ती हालचाल लागते. 'मिळवणे'वाल्या गेटमध्ये जबडा एका जागी थांबतो आणि शब्द तिथेच तुटतो. या ऱ्हस्व ए साठी तोंड मराठी ए पेक्षा थोडं जास्त उघडायचं, बेड आणि बॅड यांच्या मधलं, पण बेडच्या जवळचं.

घसरता एइ जमतच नसेल तर निदान लांब म्हणा: गेऽट. स्कॉटलंडमध्येही तो स्वर न घसरता म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. पण आखडून मात्र म्हणू नका. 'आय हॅव अ पेन इन माय लेग' यात पायात दुखणं घुसलं आहे की लेखणी, हे त्या लांबीवर ठरतं.

तिसरी पायरी: डोळ्याचं काम

आता लिहिलेला शब्द. इथे नियम आहेत, पण सगळे सारख्या भरवशाचे नाहीत. सर्वांत पक्क्या खुणा आधी घ्या.

शब्दात स्वराक्षरानंतर सी-के, टी-सी-एच किंवा डी-जी-ई दिसलं, किंवा शब्द एक्स अक्षराने संपला, की आधीचा स्वर शॉर्ट. बॅक, डक, लिक, कॅच, मॅच, ब्रिज, बॅज, बॉक्स, सिक्स. याला अपवाद शोधून सापडणं कठीण. याच शब्दांचे भाऊ नुसत्या के-ई ने संपले की लाँग: बेक, ड्यूक, लाइक. मुलाला 'बॅक-बेक, लिक-लाइक, डक-ड्यूक' अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून द्या, नियम वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरी खूण जोड-व्यंजनाची. एकच व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर आधीचा स्वर शॉर्ट: डिनर म्हणजे जेवण यात एन दोनदा, डाइनर म्हणजे जेवणारा यात एकदा. सपर आणि सुपर, हॉपिंग आणि होपिंग, टॅपिंग आणि टेपिंग, लॅटर आणि लेइटर. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिंकनशरच्या बाजूला ऑर्म नावाचा एक धर्मगुरू होऊन गेला. प्रवचन वाचणाऱ्यांनी उच्चार चुकवू नये म्हणून त्याने ऱ्हस्व स्वरानंतरचं व्यंजन हट्टाने सगळीकडे दोनदा लिहिलं. त्याच्या स्वतःच्या हातचं हस्तलिखित ऑक्सफर्डला आहे. त्याच्याइतकी शिस्त पुढे कुणी पाळली नाही, पण युक्ती आजही स्पेलिंगमध्ये जिवंत आहे.

मात्र ही खूण एकेरी आहे. दोन व्यंजनं दिसली तर स्वर शॉर्ट, हे बहुतेक वेळा खरं. एकच दिसलं तर लाँग, हे खरं नाही. सिटी, रिव्हर, लेमन, हॅबिट, व्हिजिट, बॉडी, कॉपी, सेव्हन यांत व्यंजन एकेकच आहे आणि स्वर शॉर्ट. शिकवताना नियम दोन्ही बाजूंनी सांगितला की मूल 'साइटी' वाचतं, आणि चूक त्याची नसते. दोन एल मात्र जपून वाचा: हिल, बेल, डॉल शॉर्ट, पण रोल नाही, आणि बॉल-स्मॉल तर तिसरेच.

तिसरी खूण शब्दाच्या शेवटच्या मुक्या ई अक्षराची. कॅपच्या मागे ई अक्षर लावलं की केप, किटचं काइट, हॉपचं होप, कबचं क्यूब. इंग्रजी शिक्षक याला मॅजिक ई म्हणतात, पण जादू नाही, इतिहास आहे. हे ई अक्षर पूर्वी मुकं नव्हतं. नाव या अर्थाचा नेम हा शब्द सहाशे-सातशे वर्षांपूर्वी 'नाम' आणि शेवटी हलका अ असा म्हणत. आपल्या 'नाम'शी त्याचं नातं आहे, ते तेव्हा कानालाही कळलं असतं. पुढे शेवटचा अ गळला आणि साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले: आ चा ए झाला, ए चा ई, ई चा आय, ओ चा ऊ. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, आणि स्पेलिंग छापील साच्यात घट्ट होत असतानाच उच्चार पुढे निघून गेले. स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत झाली ती तेव्हा.

मुक्या ई अक्षराचे अपवाद दोन टोळ्यांत बसतात. एक, हॅव्ह, गिव्ह, लिव्ह, लव्ह यांची. इंग्रजी शब्द व्ही अक्षराने संपवायची रीत नाही म्हणून तिथे ई अक्षर नुसतं टेकू म्हणून येतं. कम, सम, डन हेही यांच्याच पंगतीला बसवा. दुसरी टोळी लांब शब्दांची, जिथे शेवटच्या भागावर जोर नसतो: ऑफिस, प्रॅक्टिस, नोटिस, इंजिन, ॲक्टिव्ह, व्हिलेज, मेसेज, चॉकलेट. शेवटी ई अक्षर असूनही इथे स्वर शॉर्ट, म्हणून ऑफाइस होत नाही. मशीन, पोलीस, ॲडव्हाइस यांत जोर शेवटी, म्हणून तिथे स्वर पूर्ण उच्चारतात. मराठीत 'ऑफीस', 'इंजीन' असं लिहिलेलं सर्रास दिसतं, ते पुन्हा त्याच वीट-जीभच्या सवयीतून.

स्वरांच्या जोड्यांपैकी ए-आय, ए-वाय, ओ-ए, डबल ई या भरवशाच्या: रेइन, डेइ, बोट, ट्री. ई-ए ही जोडी बेभरवशाची. टी, मीट, क्रीम, टीचर यांत ई, पण ब्रेड, हेड, हेवी, रेडी, हेल्थ, ब्रेकफास्ट, लेदर यांत ऱ्हस्व ए. एइ म्हणणारे नेहमीचे शब्द तीनच आहेत: ग्रेइट, ब्रेइक, स्टेइक. ते पाठच करून टाका. ब्रेइक लांब आणि ब्रेकफास्ट आखूड, हे एका कागदावर शेजारी लिहून ठेवा.

डबल ओ चं गणित वेगळं. मून, स्पून, स्कूल, फूड यांत दीर्घ ऊ, गुड, बुक, फुट यांत ऱ्हस्व उ, आणि ब्लड, फ्लड यांत चक्क अ. तिन्हींचा मूळ स्वर एकच होता, कुठे तो लवकर आखडला, कुठे उशिरा, कुठे आखडलाच नाही. नियम एकच हाताला लागतो: डबल ओ नंतर के आलं की उ बहुतेक वेळा ऱ्हस्व. बुक, लुक, कुक, हुक, टुक. बाकीचे शब्दशः शिकायचे.

लांब शब्दांत स्वर का आखडतो

चाइल्डचं अनेकवचन चिल्ड्रन. वाइडपासून विड्थ, डीपपासून डेप्थ, कीपपासून केप्ट, मीनपासून मेन्ट, फाइव्हपासून फिफ्टीन, नेइशनपासून नॅशनल. पुढे काही जोडलं की आधीचा लाँग स्वर शॉर्ट होतो. फूलचं फुलं करणाऱ्या माणसाला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही. फरक इतकाच की मराठीत हे नियमाने होतं, इंग्रजीत ठरावीक शब्दांत होतं. सीट आणि सीट्स, शीट आणि शीट्स यांत काही आखडत नाही.

वाचताना दोन शेपट्या फार उपयोगी पडतात. आय-सी शेपटीआधीचा स्वर शॉर्ट: टॉपिक, कॉमिक, पॅनिक, मॅजिक, क्लिनिक. म्यूझिक, बेइसिक असे थोडे अपवाद. टी-आय-ओ-एन म्हणजे 'शन' शेपटीआधी ए, ओ, यू ही अक्षरं लाँग: स्टेइशन, लोशन, सोल्यूशन. आय अक्षर मात्र तिथे शॉर्टच: पोझिशन, कंडिशन, ॲडिशन. अनोळखी शब्द आला तरी या शेपटीवरून आधीचा स्वर बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो.

शब्दकोशातली खूण

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शब्दकोशांत दीर्घ स्वरापुढे समोरासमोर टोकं केलेल्या दोन बारीक त्रिकोणांची खूण असते, लांबून अगदी विसर्गासारखी दिसते. ती दिसली की स्वर दीर्घ. शिपच्या इ साठी वापरलेलं चिन्हही शीपच्या चिन्हापेक्षा वेगळं असतं, डोक्यावर टिंब नसलेलं, बुटकं. घट्ट-ढिल्या तोंडाचा फरक तिथे चिन्हातही दाखवलेला आहे. सिटी, हॅपी यांच्या शेवटच्या ई पुढे त्रिकोण नसतात आणि टिंब मात्र असतं. ती दोन्हींच्या मधली, तिची काळजी करू नका, मराठी ई तिथे छान चालते. मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकी शब्दकोशात वेगळी पद्धत: तिथे अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ म्हणजे फोनिक्सवालं लाँग. एका घरात एकाच जातीचा शब्दकोश ठेवा, नाहीतर मूल रेघ आणि त्रिकोण यांत हरवतं.

रोजची दहा मिनिटं

एका आठवड्यात एकच जोडी. पहिला आठवडा गेट-गेइटचा, दुसरा-तिसरा शिप-शीपचा, चौथा पुल-पूलचा. दहा मिनिटांतली पहिली चार फक्त ऐकायची, तीन आरशासमोर शब्द एकेकटे म्हणायची, तीन वाक्यांत. वाक्यात जोडीतले दोन्ही शब्द येतील असं पाहा: 'लेट हिम बी लेइट', 'द पूल इज फुल', 'सिट इन धिस सीट', 'चीप चिप्स'. एकटा शब्द बरोबर येणं सोपं असतं, दोन्ही एकापाठोपाठ आले की जीभ जुन्या वाटेने जाते.

फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. लगेच ऐकलं तर काय म्हणायचं होतं ते डोक्यात असतं आणि तेच ऐकू येतं. शब्द वाटेल त्या क्रमाने म्हणा, क्रम कागदावर लिहून बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकून क्रम ओळखा. स्वतःचाच उच्चार स्वतःला ओळखता आला नाही तर तो समोरच्याला काय ओळखता येणार? बोलून टाइप करायची फोनमधली सोयही वापरता येते, मात्र एकेक शब्दच म्हणा. पूर्ण वाक्य दिलं तर फोन मागचापुढचा संदर्भ जोडून चुकलेला शब्दही बरोबर लिहितो.

चार आठवड्यांनी पहिली चाचणी परत घ्या, पण शब्द नवे घ्या: लिप-लीप, हिल-हील, मिल-मील, रिच-रीच, बिट-बीट, टेस्ट-टेइस्ट, सेल-सेइल, वेट-वेइट, एज-एइज, लुक-ल्यूक. यातला एज म्हणजे कडा आणि एइज म्हणजे वय. ल्यूक हे नाव इंग्रजीत आता बहुतेक जण लूक असंच म्हणतात, पण ऊ दोन्हीत दीर्घच. जुनेच शब्द पुन्हा घेतले तर कान नाही, पाठांतर तपासलं जातं.